पाठमोरा शुक्र

शुक्राला कुणी तारा म्हटलं की माझं डोकं सटकतं. गाण्याबिण्यात म्हटलेलं मी सोडून देते, तिथं माझं कोण ऐकणार. पण वर्गात, घरात किंवा आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर कुणी 'ती बघा शुक्राची चांदणी' म्हणालं की मी चालू होते. चांदणी नाही, ग्रह आहे. त्याला स्वतःचा उजेड नाही, तो सूर्याचा आहे. लुकलुकतोय का बघा. नाही ना? मग? शेजारच्या काकू आता माझ्यासमोर शुक्राकडे बोट दाखवून नुसतं 'तो बघा तो' एवढंच म्हणतात. नवरा म्हणतो, तुझ्यापायी अंबरनाथ पश्चिमेतल्या लोकांनी वर बघायचंच सोडलं.

यात माझी काही चूक नाही, पेशाच तसा आहे. मी उल्हासनगरातल्या एका शाळेत विज्ञान शिकवते, आणि ग्रह-ताऱ्यांचा धडा दरवर्षी येतोच. आमचा वर्ग म्हणजे अर्धी पोरं मराठी, अर्धी सिंधी आणि सगळी मिळून हिंदी. ताऱ्याला स्वतःचा प्रकाश असतो आणि ग्रह सूर्याचा प्रकाश परत पाठवतो, हे मी पहिल्या वर्षी पुस्तकातल्यासारखं शिकवलं. पोरं जांभया देत होती. तेवढ्यात एक मुलगी उठली. तिच्या वडिलांचं जीन्सचं दुकान होतं. ती म्हणाली, म्हणजे मॅडम, तारा मॅन्युफॅक्चरर आणि ग्रह ट्रेडर. माल दुसऱ्याचा, शोरूम आपलं. अख्ख्या वर्गाला क्षणात समजलं, कारण या दोघांतला फरक उल्हासनगरच्या पोरांना कुणी शिकवावा लागत नाही. तेव्हापासून मी तो धडा तिथूनच सुरू करते.

लुकलुकण्याचं मात्र जरा जड जातं. तारा इतका लांब असतो की आपल्याला तो नुसता टिंब दिसतो. त्या टिंबातून आलेला उजेड आपल्या हवेतून खाली येताना हवा त्याला इकडून तिकडे ढकलते, म्हणून तो थरथरतो, कधी लाल कधी निळा वाटतो. ग्रह आपल्या शेजारचा. तो टिंब नसतो, बारीकशी चकती असते. तिच्या एका कडेचा उजेड हलला तरी बाकीचा जागेवर असतो, म्हणून ग्रह शांत दिसतो. हे सांगून झालं की मी गृहपाठ देते, संध्याकाळी वर बघा आणि ग्रह शोधून या. दुसऱ्या दिवशी पोरं काय काय शोधून आणतात विचारू नका. मोबाइल टॉवरचा लाल दिवा मंगळ म्हणून आलेला आहे. एकानं तर घरच्या ट्यूबलाइटवर शंका काढली, ती भी लुकलुकती है, तो क्या तारा है? मी त्याला म्हटलं, बाळा, ती खराब झालीय, पप्पांना सांग.

ज्या हिवाळ्याची ही गोष्ट आहे, त्या हिवाळ्यात शुक्र संध्याकाळी पश्चिमेला नुसता तळपत होता. एमआयडीसीच्या धुरातूनसुद्धा दिसायचा. आणि त्याच हिवाळ्यात माझ्या एकुलत्या एक लेकीचं लग्न ठरलं.

मुलगा तिच्याच कंपनीतला. बदलापूरच्या पुढं, बारवी धरणाच्या रस्त्याला त्यांचं गाव, भाताची शेती, मागे जंगल. आम्ही बौद्ध, ते हिंदू शेतकरी. दोन्ही घरांत सुरुवातीला जे व्हायचं ते झालं. कुणी रुसलं, कुणी जेवलं नाही, मग हळूहळू सगळे जेवायला लागले. पण त्यांच्या घरात पहिल्यापासून जेवत होता तो एकच माणूस, मुलाचा आजोबा. लेक पहिल्यांदा तिकडे गेली तेव्हा बाकीचे तिला काय विचारावं या विचारात पडले होते. म्हाताऱ्यानं तिला खाटेवर आपल्या शेजारी बसवलं आणि विचारलं, भात लावता येतो का. ती म्हणाली, नाही. तो नातवाकडे बघून म्हणाला, याला पण नाय येत, चला, जोडी जमली. लेकीनं घरी येऊन मला हे चार वेळा सांगितलं. तिला स्वतःचा आजोबा नाही, दोन्हीकडचे ती कळती व्हायच्या आधीच गेले. त्या दिवसापासून हा म्हातारा तिचा झाला. दर रविवारी फोन, त्यांनी पाठवलेल्या काकड्या, हिनं पाठवलेली गुडघ्याची मलमं, असं सगळं सुरू झालं.

आमच्यात मुहूर्त म्हणजे रविवार आणि रिकामा हॉल. वंदना होते, त्रिसरण-पंचशील होतं, दोघं एकमेकांना हार घालतात, लोक पाकळ्या टाकतात आणि जेवायला पळतात. व्याह्यांनी मोठ्या मनानं सांगितलं, लग्न तुमच्या पद्धतीनं, मुलाची हळद आमच्या अंगणात. बदलापुरात हॉल मिळाला, तोही एकच रविवार मोकळा होता. त्याच्यानंतर लगेच मुलाची गुजरातला बदली होती, तिकडे जोडीनंच जायचं होतं, म्हणजे तारीख पुढं ढकलायची सोयच नव्हती. पत्रिका छापून आल्या. आणि मग एका संध्याकाळी जावईबापूंचा फोन आला. आवाज एकदम पडलेला. आजोबा लग्नाला येत नाहीत म्हणाला. का, तर त्या रविवारी शुक्राचा अस्त आहे.

ज्यांना हे ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. शुक्र फिरत फिरत आकाशात सूर्याच्या अगदी जवळ आला की सूर्याच्या झगझगाटात दिसेनासा होतो. पंचांगात त्याला अस्त म्हणतात, आणि शुक्र बुडालेला असताना लग्न लावायचं नाही अशी त्या लोकांत रीत आहे. पुन्हा दिसायला लागला की उदय, मग लग्नं मोकळी. यावेळी अस्त होता जेमतेम आठवड्याचा, त्यातच आमचा रविवार. उदय मंगळवारी. म्हातारा म्हणाला होता, तुमी लगीन करा, मी आडवा येत नाय, पण मी तिथं पाय ठेवणार नाय.

अख्ख्या आकाशात मला जीव की प्राण असलेला एक ग्रह, आणि त्यानंच माझ्या लेकीच्या लग्नात खोडा घालावा! लेकीनं सरळ जाहीर केलं, आजोबा समोर नसतील तर मी हार घालणार नाही. मी म्हटलं, असं बोलू नये. ती म्हणाली, बोलून झालंय. ही माझीच मुलगी, त्यामुळे मला पुढं काही बोलता येईना.

आणि खरं सांगू का, माझ्या मनात वेगळाच किडा वळवळत होता. शुक्राचं नाव पुढं करून मागं दुसरंच काही असेल तर? आमच्या पिढीनं अशी निमित्तं पुष्कळ पाहिली आहेत. उपास आहे, पोट बिघडलंय, गावाला जायचंय, असं सांगून लोक आमच्या लग्नांतून न जेवता गेलेले आहेत. मला त्या विचारानं झोप येईना. नवरा म्हणाला, उगाच डोक्यात राख घालून घेऊ नकोस, विचारून घे. म्हटलं, विचारतेच.

लग्नाच्या आधीच्या रविवारी आम्ही त्यांच्या गावी गेलो. म्हातारा ओट्यावर बसला होता, अंगात बंडी, नाकावर जाड चष्मा. चहा आला, मी कप खाली ठेवला आणि मला जसं विचारता येतं तसं विचारलं.

"बाबा, स्पष्ट सांगा. अडचण शुक्राची आहे की आमची?"

व्याही चहाच्या बशीत बघायला लागले. म्हाताऱ्यानं मात्र जराही वेळ घेतला नाही.

"बाई, तुमची अडचण असती तर मी पहिल्या दिशीच बोललो असतो. मना तोंड हाय."

हे त्यानं इतकं सरळ म्हटलं की माझा किडा तिथंच मेला. मग त्यानं खरं कारण सांगितलं. त्याचं स्वतःचं लग्न शुक्र बुडालेला असतानाच लागलं होतं. त्याच्या बापाला कसलीशी घाई होती. आणि तेव्हापासून आजपर्यंत नवरा-बायकोचं एका गोष्टीवर म्हणून पटलेलं नाही. भाताला खत कधी टाकायचं इथपासून पंखा कितीवर ठेवायचा इथपर्यंत रोज भांडण. नातवाच्या नशिबी हे नको, एवढंच त्याचं म्हणणं. हे सगळं तो आतल्या खोलीकडे बघून, ऐकू जाईल अशा बेतानं सांगत होता. आतून म्हातारीचा आवाज आला, शुक्र नाय बुडाला, माझं नशीब बुडालं. आमचे हे मोठ्यानं हसले, मग व्याही हसले, मग सगळेच. म्हातारा हसला नाही, तो म्हणाला, ऐकलंत ना, मी काय सांगत होतो.

मला तो माणूस फार आवडला. त्यानंच मग एक वाट काढली. पंचांग करणारा मुंबई-पुण्यात बसून लिहितो, आपल्या डोंगरावरून शुक्र आधी पण दिसू शकतो. पुढच्या रविवारच्या आत मना डोळ्यांनी दिसला, तर मी फेटा बांधून येईन. मी मनातल्या मनात हिशेब केला. शुक्र या खेपेला सूर्य आणि पृथ्वी यांच्यामधून जात होता, संध्याकाळचा होता तो आता पहाटेचा होणार होता, आणि अशा वेळी तो झपाट्यानं बाजूला येतो. दोन दिवस आधी दिसणं काही अगदीच अशक्य नव्हतं. म्हटलं, ठरलं.

लग्नाच्या आठवड्यात मी रजाच टाकली होती. बुधवारी मी आणि लेक त्यांच्याकडे मुक्कामाला गेलो आणि गुरुवारी पहाटे, उजाडायच्या आधी, म्हातारा, जावई, लेक आणि मी शेताच्या बांधावर जाऊन उभे राहिलो. थंडी अशी की दात वाजत होते. म्हाताऱ्यानं कानाला मफलर गुंडाळला होता. आभाळ लख्ख होतं, बदलापूरच्या दिव्यांचा उजेड मागे राहिला होता. शुक्र उगवणार तो आग्नेयेकडून, हे मला पक्कं ठाऊक होतं, म्हणून मी तिकडेच डोळे लावून बसले होते. तिकडे काहीच नव्हतं. दिसण्यासारखंही नव्हतं म्हणा, सूर्यापासून तो अजून पुरेसा सुटलाच नव्हता.

तेवढ्यात म्हाताऱ्यानं डाव्या हाताला, ईशान्येच्या डोंगरावर बोट केलं. तिथं एक मोठा, निळसर पांढरा तेजाळ ठिपका होता.

"तो बघा. उगवला. आता रविवारी येतो मी."

लेकीनं टाळी वाजवली. जावयानं आजोबांच्या खांद्यावर हात टाकला. झालं होतं काम. कुणीही शहाणी बाई तिथं गप्प बसली असती. मी म्हणाले, नाही बाबा, तो शुक्र नाही, तो अभिजित तारा आहे.

बरं, एवढ्यावर थांबावं? माझं तोंड एकदा सुटलं की सुटलं. म्हटलं, बघा, कसा लुकलुकतोय, मधेच निळा मधेच हिरवा मारतोय, ग्रह असा थरथरत नाही. आणि दिशा बघा, हा ईशान्येला, शुक्र इकडून आग्नेयेनं येणार. आणि हा गेले कित्येक दिवस पहाटे इथंच आहे, शेजारच्या ताऱ्यांपासून जराही हललेला नाही, ग्रह रोज जागा बदलतो. मी अगदी वर्गात शिकवते तसं तीन मुद्द्यांत, बोटं मोजून शिकवलं. बोलून झालं आणि मी त्यांच्याकडे वळले. जावई चपलेनं ढेकूळ फोडत होता. म्हातारा चष्मा काढून मफलरनं पुसत राहिला. मग म्हणाला, बरं, तुमी म्हणता तर तारा असंल. आणि घराकडे चालायला लागला.

लेकीनं परतीच्या रिक्षात माझ्याशी अबोला धरला. बदलापूर स्टेशनला उतरल्यावर एकच वाक्य बोलली. "आई, एक मिनिट गप्प बसली असतीस तर काय विज्ञान बुडालं असतं?"

घरी नवऱ्याला सांगितलं तर त्यानं कपाळावर हात मारला. संध्याकाळी म्हातारीचा फोन आला, आणि तिनं मला उरलंसुरलं सांगितलं. म्हणाली, बाय, ह्या माणसानं तरुणपणी शेतातल्या माळ्यावर रात्रभर बसून रानडुकरापासून भात राखलाय. त्याला शुक्र वळखता येत नाय असं वाटलं तुला? त्याला निमित्त हवं होतं. पोरीसाठी जीव तुटतो त्याचा, पण सगळ्या भाऊबंदांसमोर 'शुक्र बुडालाय, मी जात नाय' बोलून बसलाय. मग 'दिसला' म्हणायची सोय केली त्यानं. आणि तू ती मोडलीस.

मी फोन ठेवून खुर्चीत बसले ती बसलेच. इतकी वर्षं पोरांना समजावणारी मी, मला समोर उभा असलेला माणूस समजला नाही. रडू आलं, खोटं कशाला बोलू. नवरा म्हणाला, उद्या जाऊन सांग ना, नीट बघितलं, शुक्रच होता. मी खूप विचार केला. उठून दोनदा फोन हातात घेतला. पण नाही जमलं. अभिजितला शुक्र म्हणायचं, ते मला नाहीच जमलं. नवरा म्हणाला, धन्य आहेस. शुक्रवारी पहाटे मी एकटीच आमच्या गच्चीवर जाऊन पूर्वेकडे बघून आले. धूर आणि टाक्या, दुसरं काही नाही.

शनिवारी संध्याकाळी त्यांच्या अंगणात हळद होती. मांडव, डीजे, बांबूला बांधलेला हॅलोजन, आणि बायका गालाला हळद फासून नाचत होत्या. मलाही कुणीतरी फासली. म्हातारा गर्दीपासून बाजूला खाटेवर बसला होता. लेकीची हळद सकाळीच अंबरनाथला आटोपली होती, ती घरीच होती, आणि मी निघताना तिनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नव्हतं. मी गेले आणि खाटेजवळ उभी राहिले. माफीबिफी मागावी असं ठरवून गेले होते. तोंडातून निघालं भलतंच. म्हटलं, बाबा, शुक्र बुडालेला नाहीये हो.

म्हाताऱ्यानं वर बघितलं. म्हणाला, मग गेला कुठं?

आता हे विचारल्यावर मी गप्प राहणं शक्य आहे का? मी सरळ जाऊन त्याच्या आणि हॅलोजनच्या मधे उभी राहिले, तोंड दिव्याकडे, पाठ त्याच्याकडे. मोठ्यानं विचारलं, बाबा, माझा चेहरा दिसतोय का? तो म्हणाला, नाय, नुसती काळी आकृती. मी म्हटलं, पण माझ्या तोंडावर आत्ता उजेड आहे की नाही? तो म्हणाला, असणारच, हॅलोजन समोर हाय. मी म्हटलं, झालं तर. हा हॅलोजन म्हणजे सूर्य, तुम्ही म्हणजे पृथ्वी, मी शुक्र. शुक्राला स्वतःचा दिवा नाही. सूर्याचा उजेड पडतो तेवढाच तो चमकतो. आत्ता तो आपल्या आणि सूर्याच्या मधे आहे, उजळलेलं तोंड सूर्याकडे आणि काळोखी पाठ आपल्याकडे. त्यात मागे एवढा झगझगाट. म्हणून दिसत नाही. बुडायला तो कुठं गेलाच नाही, आपल्या डोक्यावरून दिवसाढवळ्या जातो रोज.

एव्हाना डीजेवाल्यानं आवाज कमी केला होता, कारण नवरीची आई रेशमी साडीत, पिवळ्या गालांनी, दिव्याकडे तोंड करून अंगणाच्या मधोमध का उभी आहे हे कुणालाच कळत नव्हतं. बायका हसत होत्या. एकीनं विचारलंसुद्धा, विहीणबाईंना चक्कर आली का. मी लक्ष दिलं नाही. मी हळूहळू एका बाजूला सरकले. विचारलं, आता? म्हातारा पुढं वाकून बघत होता. म्हणाला, आता गालाची एक कड दिसली. मी म्हटलं, मंगळवारी तुम्हाला पहाटे तेवढ्याच कडेचा उजेड दिसणार आहे, त्यालाच पंचांगवाले उदय म्हणतात.

म्हाताऱ्यानं चष्मा वर सरकवला. मग म्हणाला, म्हंजे उद्या लगीन लागंल तवा तो वर असंल?

"असेल," मी म्हटलं.

"तुमी पाहिलाय?"

"नाही. दिसणारच नाही तो. पण आहे."

तो 'बरं' म्हणाला. त्या 'बरं'चा अर्थ मला लागेना. मी बायकांत जाऊन बसले, दोन घास खाल्ले आणि घरी आले. लेकीला काय सांगणार, काही सांगितलं नाही.

रविवारी दुपारी हॉल भरला. लेक पांढऱ्या साडीत इतकी सुंदर दिसत होती की मला बघवेना, आणि तिचे डोळे सगळा वेळ दाराकडे. वंदना सुरू करायची वेळ झाली. जावई स्टेजवर येऊन उभा राहिला. ती खालीच बसून होती. तिच्या मैत्रिणी मला खुणावत होत्या, काकी, काय करायचं. मी काय करणार होते? ज्या मुलीला मी शिकवलं होतं की आपण बोललेलं पाळायचं, ती बोललेलं पाळत होती. नवरा तिच्याजवळ जाऊन बसला आणि तिचा हात धरून राहिला.

आणि मग दारातून म्हातारा आला. डोक्याला गुलाबी फेटा, अंगात कडक इस्त्रीचा पांढरा सदरा, एका हातात काठी. दुसरा हात म्हातारीनं धरला होता आणि ती त्याला हळू चाल म्हणून ओरडत होती. त्यांच्या भाऊबंदांत एकदम कुजबुज सुरू झाली. त्याच्याच वयाचा एक गृहस्थ उठून वाटेत आडवा आला आणि त्यानं सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, काय हो, शुक्र बुडालाय ना, तुमी येणार नव्हता?

म्हातारा थांबला. त्यानं काठी टेकली.

"कोण म्हणतो बुडालाय? पाठ करून उभा हाय, आत्ता आपल्या डोक्यावर हाय. नवरीच्या आईनं सांगितलंय."

तो गृहस्थ म्हणाला, बायका काय, पोरीचं लग्न उरकायला काहीही सांगतील.

"ही नाय सांगणार," म्हातारा म्हणाला. "गुरुवारी मीच तिला खोटं बोलायला जागा करून दिली होती. नुसतं गप्प बसायचं होतं. पोरीच्या लग्नासाठी पण नाय बसली. आता ती म्हणते शुक्र हाय, तर हाय."

मी पाकळ्यांचं ताट हातात धरून खांबाजवळ उभी होते. ते कुणाच्या तरी हातात दिलं आणि पदर डोळ्यांना लावला. डोळे पुसून बघते तो लेक माझ्याकडे बघत होती, गुरुवारनंतर पहिल्यांदा. मग ती उठली, आधी म्हाताऱ्याच्या गळ्यात पडली, आणि त्यानंच तिला हाताला धरून स्टेजवर नेलं.